गिळलेली चूक

स्क्रीनवर एररची लाल अक्षरं उमटली की अजूनही मी आधी मागे वळून बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. आता माझ्याच हाताखाली चार पोरं काम करतात, मला जाब विचारणारं तिथे कुणी नाही, तरी कान गरम व्हायचे ते होतातच. मग मॅमची आठवण येते. त्या असत्या तर मागून आवाज आला असता, "छुपवू नको. उभा रहा आणि वाच."

नोएडात एका टाइल्सच्या शोरूमवर तिसऱ्या मजल्याला आमचं ऑफिस होतं. दिल्ली, फरीदाबाद, गाझियाबाद इथल्या डायलिसिस सेंटरांसाठी आम्ही सॉफ्टवेअर चालवायचो. कुठल्या रुग्णाची पाळी कधी, कुठल्या मशीनवर, त्याला आदल्या संध्याकाळी मेसेज गेला की नाही, असली कामं. मॅम आमच्या टीम लीड होत्या. वडील साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार. मॅमचं लहानपण सगळं दिल्ली कॅंटोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. त्यामुळे आडनाव अस्सल मराठी आणि बोलणं असं, की "मला हे समजमध्येच नाही आलं यार" हे त्यांच्या लेखी शुद्ध मराठी वाक्य होतं.

मी तिथे लागलो तेव्हा एकोणतिशीला आलो होतो. हिंगोलीहून दिल्लीत आलो होतो कलेक्टर व्हायला. ते झालं नाही. सगळे प्रयत्न संपले तेव्हा गावी जायला तोंड नव्हतं, म्हणून मुनिरक्याच्या खोलीतच पडून राहिलो आणि व्हिडिओ बघत बघत पायथॉन शिकलो. घरी सांगितलं होतं की एका कंपनीत आहे, जोडीला अभ्यास चालू आहे. वडील गावात तेच सांगत आणि मला फोनवर विचारत, "पुस्तकं मिळतात ना वेळेवर?" ऑफिसातली पोरं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, हात की-बोर्डवर भराभर चालणारे. त्यांच्यासमोर प्रश्न विचारायचा म्हणजे भर रस्त्यात चप्पल तुटल्यासारखं वाटायचं. म्हणून मी विचारतच नसे.

पहिल्याच आठवड्यात एका एररवर मी अर्धा दिवस घालवला. कुणाला कळू नये म्हणून ती खिडकी लहान करून, कोपऱ्यात सरकवून बघत होतो. मॅम मागे येऊन उभ्या राहिल्या. हातात मुळा. थंडीचे दिवस असले की त्या डेस्कवर मीठ लावून कच्चा मुळा खात आणि सबंध हॉलला त्याचा वास येई. त्याबद्दल बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

"मोठं कर ते," त्या म्हणाल्या. "आता उभा रहा. पूर्ण वाच. मोठ्याने."

मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मी उभा राहिलो आणि सगळ्या हॉलसमोर ते इंग्रजी वाचायला लागलो. फाइलींची लांबलचक नावं, ओळींचे आकडे, सगळं. मधलं गाळायला गेलो की त्या मुळ्यानेच स्क्रीनकडे बोट करीत. शेवटच्या ओळीला आलो तर तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं की असा कॉलमच टेबलात नाही. कोडमध्ये नवा रकाना मी टाकला होता आणि डेटाबेसमध्ये तो तयार करायचाच राहिला होता. उत्तर सकाळपासून माझ्यासमोर होतं आणि लाजेपायी मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

"लाज वाटली?" मॅमनी विचारलं.

"हो."

"बिल्कुल वाटली पाहिजे. आता बस."

मी बसायला गेलो तर म्हणाल्या, तिथे नाही, इथे. आणि स्वतःची खुर्ची दाखवली. ही त्यांच्या टीमची रीत होती आणि मला ती कुणी सांगितली नव्हती. ज्याच्या हातून चूक होईल त्याने तो दिवस मॅमच्या खुर्चीत बसायचं. उंच पाठीची, खिडकीजवळची, हॉलमधली एकमेव बरी खुर्ची. बाकीच्यांनी त्याला चहा आणून द्यायचा. मॅम स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर त्याच्या शेजारी बसणार आणि दोघांनी मिळून ती चूक सोडवायची. गाझियाबादचा मोहित त्यागी, जो टीममध्ये सगळ्यात जुना, तो माझ्यासमोर कप ठेवताना म्हणाला, "मुबारक हो भाई, राजगद्दी मिल गई." सगळे हसले, मनापासून आणि चांगलंच हसले. पण मला ती खुर्ची दिवसभर टोचत होती. कुणी चारचौघांत झापलं असतं तर मी ते सहज सोसलं असतं, लहानपणापासून सवय होती. चहा सोसवेना.

मॅमचं म्हणणं असं की माणूस चुकतो त्याचं काही नाही, तो लपवतो ते महागात पडतं. खुर्ची आणि चहा त्यासाठी. पण हे त्या कधी भाषण करून सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "अरे मला स्टूल आवडतं. कमर सीधी राहते."

आमच्या कामात एक गंमत असते. आपण पायथॉनमध्ये लिहितो. डेटाबेसला पायथॉन येत नाही, त्याची भाषा वेगळी, एसक्यूएल. मधे एक लायब्ररी असते, तिला ओआरएम म्हणतात. ती आपलं बोलणं तिकडच्या भाषेत करून पोचवते आणि उत्तर परत आणते. सोयीची गोष्ट आहे. पण मॅमचा या मधल्या गड्यावर काडीचा विश्वास नव्हता. कुणी म्हटलं, मॅम, मी तर बरोबर विचारतोय, तरी उत्तर चुकीचं येतंय, की त्या म्हणत, "तू काय विचारलंस ते मला नको सांगू. तिकडे काय पोचलं ते दाखव." मग लायब्ररीने प्रत्यक्षात पाठवलेला सवाल उघडायचा आणि तो कागदावर छापून आणायचा. स्क्रीनवर चालत नसे. आमच्या प्रिंटरची शाई कायम संपत आलेली, त्यामुळे फिकट कागद खिडकीच्या उजेडात धरून त्या लाल पेनने एकेक शब्दाखाली रेघ ओढत बसत. निम्म्या वेळा चूक तिथेच सापडे. आपण विचारलेलं असतं एक आणि पोचलेलं असतं भलतंच.

एकदा मी रुग्णांच्या यादीचा एक पडदा, म्हणजे स्क्रीनवरचं पान, बनवला. दिसायला सुरेख, पण उघडायला इतका वेळ घेई की रिसेप्शनवरच्या मुली तोवर वहीत लिहून मोकळ्या होत. मॅमनी कागद छापायला सांगितला. प्रिंटर थांबेचना. माझा कोड यादी एकदा मागून आणत होता आणि मग यादीतल्या प्रत्येक रुग्णासाठी त्याचं सेंटर कुठलं हे विचारायला पुन्हा एकदा डेटाबेसकडे जात होता. मॅमनी तो कागदांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "जा, माझ्यासाठी एक चहा आण खालून."

आणला. लिफ्ट त्या दिवसांत बंदच होती.

"आता मोहितसाठी एक."

गेलो. मग तिसऱ्यासाठी, चौथ्यासाठी. प्रत्येक वेळी एकच कप. खालचा चहावाला आधी हसत होता, मग म्हणाला, "भैया, ट्रे दूँ क्या?" मी म्हटलं, नको. पाचव्या खेपेला जिन्यात मला धाप लागली आणि डोक्यात प्रकाश पडला. वर येऊन म्हणालो, "एकाच खेपेत आणायला हवं होतं."

"चहा की सेंटर?"

"दोन्ही."

"चलो. ठीक कर." आणि सगळ्यांसमोर मोठ्याने, हिंदीत, "पाँच ही चक्कर में समझ गया, मोहित ने तो पूरे ऑफिस को पिलाई थी."

हा असा त्यांचा स्वभाव. लाज आणायच्या आणि लगेच तिच्यात दुसऱ्या कुणाला वाटेकरी करून द्यायच्या.

त्यांच्या कोडमध्ये तुम्ही कधी शिरलात तर आणखी एक चमत्कार दिसे. बाकी सगळं जगासारखं इंग्रजीत, पण नावं मराठी. वाट बघणाऱ्या कामांच्या रांगेचं नाव खोळंबा. पुसून टाकायच्या नोंदींचं नाव अडगळ. एका मोठ्या फंक्शनचं, म्हणजे कोडच्या तुकड्याचं, नाव चालढकल. हे सगळे त्यांच्या वडिलांचे शब्द. वडील गेल्यावर ते शब्द बोलायला कुणी उरलं नाही आणि आपण एकेक विसरत चाललो हे एक दिवस लक्षात आलं, म्हणून त्यांनी ते कोडमध्ये ठेवून दिले. सगळ्या शब्दांच्या अर्थाची त्यांना पूर्ण खात्री नव्हती. मला कधीतरी हळूच विचारत, "अडगळ म्हणजे कचरा ना? की सामान?" मी सांगे, सामानच, पण लागत नाही असं. त्या मान हलवत. मोहित मात्र दिवसातून दहा वेळा ओरडे, "भाई, खोळंबा खाली नहीं हो रहा," आणि मला पोटातून हसू येई.

मराठीत त्या मला म्हणाल्या होत्या, मॅम नको म्हणू, आपल्यात विचित्र लागतं, ताई म्हण. मला ऑफिसात ते जमलं नाही. सगळे काय म्हणतील, मराठी-मराठी म्हणून चिकटला म्हणतील. म्हणून मी त्यांना हाकच मारत नसे, समोर जाऊन उभा राहत असे.

एका गोष्टीचा त्यांना फार तिटकारा होता. पायथॉनमध्ये एक सोय आहे. हे करून बघ, आणि नाही जमलं तर गप्प बस आणि पुढे चल, असं दोन ओळींत सांगता येतं. मग एरर येते, पण दिसत नाही. मॅम त्याला गिळणं म्हणत. "कोणी गिळलंय?" हा त्यांचा शुक्रवार दुपारचा प्रश्न. सगळ्यांच्या कोडमधून त्या अशा ओळी शोधत फिरत आणि सापडली की लाल पेन थेट ती लिहिणाऱ्याच्या मनगटाला लावत. म्हणत, "चूक झाली की हा मधला माणूस, तुझी लायब्ररी, रुसून बसतो. तू त्याला सांगितलं नाहीस की झालं ते रद्द कर, मागे घे, तर पुढे तू कितीही सही बोल, तो ऐकणार नाही. आणि तू पहिली चूक गिळलीस तर तुला कळणारपण नाही की तो कधीपासून ऐकत नाही."

हे खरं आहे. त्याला रोलबॅक म्हणतात. पहिल्या चुकीनंतर तेवढी माघार घेतली नाही, तर मागून येणारं सगळं निर्दोष असूनही नाकारलं जातं.

जानेवारीत एका सकाळी कॅंटोन्मेंटजवळच्या सेंटरवरून फोन आला. आजच्या यादीत नावं कमी आहेत, लोक आलेत आणि त्यांची पाळीच दिसत नाही. दोन-तीन जणांनी आरडाओरडा केला म्हणून त्यांना कसंबसं बसवून घेतलं होतं. आम्ही शोधायला बसलो. मी कोड उघडून, मॅम स्टुलावर, मोहित मागे वाकून. रोज संध्याकाळी एक काम आपोआप चालायचं. ते रुग्णांच्या पाळ्या एकामागून एक लिहायचं आणि मेसेज पाठवायचं. ते पुन्हा चालवून बघितलं. एका रुग्णापर्यंत सगळं ठीक, त्याच्यानंतर कुणाचंच नाव नाही. आणि लाल अक्षरं कुठेच नाहीत. एरर आली असती तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"कोणीतरी गिळलंय," मॅम म्हणाल्या. "खाली जा अजून."

मी एक जुनी फाइल उघडली, जिला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, कारण ती चालत होती. खाली सरकवत गेलो आणि थांबलो. त्या दोन ओळी तिथे होत्या. करून बघ, नाही जमलं तर गप्प बस. ज्या फंक्शनमध्ये त्या होत्या त्याचं नाव होतं तात्पुरता उपाय.

मोहित मागून म्हणाला, "ये किसने..." आणि त्याने वाक्य अर्धंच सोडलं. आमच्या ऑफिसात, नोएडात, त्या सबंध रस्त्यावर असं नाव देणारी एकच व्यक्ती होती. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. मान वळवली असती तर त्यांचा चेहरा दिसला असता, आणि तो बघायचा मला धीर नव्हता.

"माझं आहे," त्या म्हणाल्या. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत, "मेरा लिखा हुआ है."

कंपनी नवी असताना पहिल्या गिऱ्हाइकाला दाखवायचा दिवस होता. सेंटरवाल्यांनी एका रुग्णाची नोंद दोनदा केली होती, एकाच मशीनवर एकाच वेळी, आणि डेटाबेस ते घ्यायला तयार नव्हता. शेजारच्या खोलीत गिऱ्हाईक चहा पीत बसलेलं. मॅमनी दोन ओळी टाकल्या आणि पडदा स्वच्छ दिसला. उद्या काढते, असं ठरवलं होतं. "त्यांच्यासमोर लाल दिसलं असतं तर मला शरम आली असती," एवढंच त्या म्हणाल्या. या वेळीही तसंच झालं होतं. एक नोंद दोनदा, तिची एरर गिळली गेली, मधला माणूस रुसला, आणि तिच्या मागच्या सगळ्यांच्या पाळ्या हवेत गेल्या.

दुरुस्ती करायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मोहितने सवयीने कप आणला आणि खुर्ची पुढे ओढली. मॅम बसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत प्रिंटरपाशी उभ्या होत्या आणि एकेका सेंटरला फोन करून विचारत होत्या, कुणी परत तर गेलं नाही ना. कॅंटोन्मेंटच्या सेंटरवरची मुलगी आठवून म्हणाली, "एक अम्मा थीं. मैंने बोला आज आपका नंबर नहीं है, तो चुपचाप चली गईं."

दोन दिवसांनी कळलं की त्या आजींना दम लागून मोठ्या दवाखान्यात नेलंय. अंगात पाणी साठलं होतं. त्या वाचल्या. पण त्या वाचल्याचं कळेपर्यंत मॅमनी काही खाल्ल्याचं मी पाहिलं नाही.

डायरेक्टर साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. वकिलाचा सल्ला घेतला होता. सेंटरला एक मेल जाईल, टेक्निकल इश्यू म्हणून. कुणाचं नाव नाही. पेशंटच्या घरच्यांशी कुणी एक शब्द बोलायचा नाही, बोलला तर नोकरी गेली समजा. मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिली. त्यात काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे गैरसोय झाली होती आणि ती कुणीच केली नव्हती. साहेब वाचून खूश झाले. "देखो, यूपीएससी वाला है ना, ड्राफ्टिंग आती है इसको." इतक्या वर्षांच्या अभ्यासाचं दिल्लीत झालेलं हे पहिलं कौतुक. क्षणभर मला बरं वाटलं, आणि समोर मॅम बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "रविवारी येशील माझ्याबरोबर? त्या आजी मराठी आहेत, हिंदी नाही येत. आणि माझी मराठी तुला माहीत आहे."

त्या आजींकडे गेल्याची गोष्ट पुढे कंपनीला कळली आणि मॅमना जावं लागलं. मला कुणी काही विचारलं नाही, कारण बरोबर मी होतो हे त्यांनी सांगितलंच नाही. त्यांची ती खुर्ची आता अकाउंट्सवाल्यांकडे आहे. मी तिकडे कामाशिवाय जात नाही.

त्या रविवारी मॅम नोएडाहून मेट्रोने निघाल्या, मी मुनिरक्याला त्याच डब्यात चढलो. त्यांचे बूट चकाकत होते. दर शुक्रवारी ऑफिसात सुद्धा त्या बुटांना ब्रश मारीत, पण आज जास्तच मेहनत घेतलेली दिसत होती. आजींच्या सुनेला त्यांनी स्वतः फोन केला होता. मुलगा हवालदार, कुठेतरी सीमेकडे. घरी सून आणि सासू दोघीच.

"जिम्मेदारला काय म्हणतात?" गाडी सुटल्यावर त्यांनी विचारलं.

"जबाबदार."

"आणि शर्मिंदा?"

मी विचार केला. "ओशाळलेली."

"हे नाही निघणार माझ्या तोंडातून. सोपं सांग."

"मला लाज वाटते."

"हे येतं," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. सदर बाजार कॅंटोन्मेंट स्टेशनला आम्ही उतरलो.

क्वार्टरच्या मागच्या अंगणात ऊन पडलं होतं. खाटेवर आजी बसल्या होत्या, अंगावर शाल, पायात लोकरीचे मोजे. समोर मेथीची जुडी होती, पण निवडत नव्हत्या. सून शाळेत शिकवणारी, चांगली, दमलेली मुलगी. तिने आम्हाला बसवलं आणि आवाज खाली आणून बोलायला लागली. खाली म्हणजे इतका, की आजींना ऐकू जात होतं.

"आईंच्या आता लक्षात राहत नाही हो. आमचे वार ठरलेले नसतात, आदल्या संध्याकाळी मेसेज येतो. त्या दिवशी आलाच नव्हता. मी म्हटलं, आज नाहीये. तर हट्ट, आजच माझी पाळी म्हणून. मला शाळेची घाई, मी गेटवर सोडून गेले. दुपारी घ्यायला आले तर म्हणाल्या, झालं. आणि झालंच नव्हतं. तिकडे गेल्यावर आईंना सांगितलं होतं, आज नंबर नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं शेवटचं कधी केलं, मी छातीठोकपणे सांगितलं, परवाच. मग ते भलतंच काहीतरी शोधत बसले. जिवावर बेतलं होतं. आता आमच्या मिस्टरांचं म्हणणं आहे, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. मी रजा टाकलीय. एकटं ठेवायची भीती वाटते."

आजी शालीच्या टोकाचा दोरा ओढत होत्या. मान वर नाही.

मी घसा साफ केला. मला वाटलं, हे माझं काम. "आजी, आम्ही कंपनीकडून आलोय. त्या दिवशी काही तांत्रिक अडचण..."

मॅमनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. मी बोलते." खुर्चीवरून उठल्या आणि खाटेशेजारी खाली फरशीवर बसल्या.

"आजी, त्या दिवशी लिस्टमध्ये तुमचं नाव नव्हतं. मेसेज पण नाही आला. ते माझ्यामुळे. मशीन नाही चुकली. मी चुकले. मी एक काम खूप पहले चुकीचं करून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नाही. त्याने तुमचं नाव गेलं. मी जबाबदार आहे. मला लाज वाटते."

आजींनी पहिल्यांदा मान वर केली.

"म्हंजे माझी पाळी व्हती?"

"होती. तुमचीच होती. तुम्ही बिल्कुल बरोबर होता."

"पाय सुजले व्हते माझे," आजी म्हणाल्या. मॅमना नव्हे, सुनेला नव्हे, समोर बघत. "माझं अंग मला सांगतंय की. दोन दिस मधी सोडले, तिसरा माझा. मोजून व्हते मी. पण तिथली पोरगी म्हणाली नंबर न्हाई, आन मागं माणसं उभी. मला वाटलं, सून म्हणत व्हती तेच खरं. सकाळी भांडून आले व्हते तिच्याशी. आता कुठल्या तोंडानं सांगू? बसले भाईर बाकावर ती येईपत्तूर. हातावर सुईची पट्टी न्हाई हे दिसू नये म्हणून हात शालीत घेतला." थोडं थांबून म्हणाल्या, "मग समदेच म्हणाया लागले. मलाबी वाटाया लागलं, खरंच डोकं गेलं माझं."

दारात सून उभी होती. तिच्या हातात आमच्यासाठी आणलेल्या पाण्याचे पेले होते, ते तिने कुणाला दिलेच नाहीत. उंबऱ्यावर बसली आणि "आई," एवढंच म्हणाली. माझी नजर फरशीवर होती. तिथे आम्ही चौघं होतो आणि प्रत्येकाला कशाची ना कशाची लाज वाटत होती, फक्त आजींची तेवढी हळूहळू उतरत होती. त्यांनी मेथीची जुडी ओढून मांडीवर घेतली.

आम्ही निघायला उठलो. आजींनी मॅमचं मनगट धरलं.

"सांजच्याला माझ्या ल्योकाचा फोन येतो. मी सांगून तो ऐकायचा न्हाई, म्हणंल आई काहीबी बोलतीया. तू सांग त्याला. थांबशील तवर?"

दुपारचे जेमतेम बारा वाजले होते. मॅमनी बूट काढून कडेला ठेवले, मेथीतल्या चार काड्या पुढ्यात घेतल्या आणि म्हणाल्या, "थांबते."